माळावरची हद्द

पौष महिन्यातील दिवस होते. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका माळावर सकाळपासून जमिनीची मोजणी चालली होती. गुडघाभर उंचीचे वाळलेले पिवळे गवत, मधूनच बोरी-बाभळीची खुरटी झुडपे, मुरमाड उतार आणि क्षितिजापर्यंत पसरलेला मोकळेपणा, एवढेच त्या माळाचे वैभव होते. कागदोपत्री त्याच्या वाट्याला आलेले शब्द तर त्याहूनही कोरडे होते. काही भाग गायरान, काही पडीक आणि उरलेला पोटखराबा. भूमापकाने हद्दीच्या शेवटच्या खुणेपाशी यंत्र उभे केले, आकडे उतरवून घेतले आणि सामान आवरायला सुरुवात केली. दिवसभरात त्याने त्या माळावर नोंद घेण्याजोगे असे काहीच पाहिले नव्हते.

सूर्य मावळतीला टेकला असताना दहा पावलांवरच्या गवतातून काहीतरी वर उठले. उठताना जराही आवाज झाला नाही. लांब, रुंद पंख सावकाश हलवीत तो पक्षी गवताच्या शेंड्यांवरून वाऱ्यावर तरंगत गेल्यासारखा गेला, थोड्या अंतरावर वळला आणि त्याने मागे पाहिले. गोल चेहरा, पिवळेधमक डोळे आणि डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी वलये. ते घुबड होते. भूमापकाच्या मदतनिसाने नकळत वाकून दगड उचलला. तेवढ्यात मेंढरे घेऊन वाड्याकडे परतणारा एक वृद्ध मेंढपाळ थबकला आणि म्हणाला, "नको रं पोरा. घुबडाला धोंडा मारू नये. ते धोंडा उचलून नेतं आन् झिजवत बसतं. धोंडा झिजंल तसा माणूस झिजतो."

पोराच्या हातातला दगड गळून पडला. भूमापक हसला, पण त्याच्या मनात कुतूहल जागे झाले होते. त्याने विचारले, "आबा, हे इथेच राहतं का?"

"न्हाई साहेब. थंडीला येतं, उन्हाळ्याच्या आत जातं. ज्या साली माळावर उंदरं लई, त्या साली चार-पाच दिसत्यात. न्हाईतर एकबी न्हाई."

एवढे बोलून मेंढपाळ पुढे निघून गेला. आपण किती मोलाची गोष्ट सांगितली, याची त्याला कल्पना नसावी. कोणत्या प्रदेशात एखाद्या पक्ष्याची संख्या किती असते, ती कशाने वाढते, कशाने घटते आणि दोन पक्ष्यांमध्ये किती अंतर राहते, हा पक्षिशास्त्रातील एक मोठा प्रश्न आहे. अनेक अभ्यासकांनी त्यासाठी वर्षानुवर्षे माळ तुडविले आहेत. त्यांना जे उत्तर सापडले, त्याचा गाभा मेंढपाळाच्या त्या दोन वाक्यांत होता.

माळावर दिसलेला तो पक्षी म्हणजे आखूड कानांचे घुबड. त्याच्या डोक्यावर पिसांचे दोन लहानसे तुरे असतात. ते कान नव्हेत. पण कानांसारखे दिसतात म्हणून हे नाव पडले. पुष्कळदा ते तुरे दिसतही नाहीत. मराठीत घुबडाला 'दिवाभीत' असाही एक शब्द आहे. दिवाभीत म्हणजे दिवसाला भिणारा. परंतु हा पक्षी या शब्दाला खोटे ठरवतो. तो पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकार करतोच. पण अनेकदा लख्ख उन्हातही गवतावरून घिरट्या घालतो. त्याला झाडाची ढोली लागत नाही, पडक्या वाड्याचे कोनाडे लागत नाहीत. त्याचे बसणे, झोपणे, अंडी घालणे, पिले वाढवणे हे सारे जमिनीवर, गवताच्या आडोशाने चालते. उघडा माळ हेच त्याचे घर आहे. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका वगळता जगातील इतर सर्व खंडांवर तो आढळतो. युरोप आणि आशियाच्या उत्तर भागात वीण करणारी यांतील काही घुबडे हिवाळ्यात दक्षिणेकडे येतात. कच्छचे रण, राजस्थानातील ताल छापर, गुजरातमधील वेळावदर आणि महाराष्ट्रातील माळराने ही त्यांची हिवाळ्यातील मुक्कामाची ठिकाणे आहेत.

घुबडाच्या वाट्याला आपल्याकडे आदर क्वचितच आला. त्याचे ओरडणे अशुभ, त्याचे दिसणे अपशकुनी, असे मानण्याची रीत जुनी आहे. दगड झिजवण्याची ती समजूत तर महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांत सांगितली जाते. भीतीपोटी का होईना, तिने काही दगड हातातच अडवले असतील. उलट बाजूही आहे. देवी लक्ष्मीचे वाहन म्हणून उत्तर भारतात आणि बंगालमध्ये घुबडाला मान आहे. आणि त्याच श्रद्धेच्या विपरीत रूपातून दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडांचे बळीही दिले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबडांची शिकार आणि विक्री हा गुन्हा ठरवला, तरी हा चोरटा व्यापार थांबलेला नाही. दूर प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर मात्र याच आखूड कानांच्या घुबडाला 'पुएओ' म्हणतात आणि काही कुटुंबे त्याला आपल्या पूर्वजाचे, रक्षणकर्त्याचे रूप मानतात. पक्षी एकच, एका ठिकाणी तो अपशकुन, तर दुसऱ्या ठिकाणी पूर्वज. यात पक्ष्याचा स्वभाव बदललेला नाही, माणसाची नजर तेवढी बदलली आहे.

हिवाळ्यात आपल्या माळावर दिसणारे घुबड पाहुणे असते. त्याचा खरा संसार पाहायचा तर वसंत ऋतूत उत्तरेकडील गवताळ प्रदेशात, उदाहरणार्थ स्कॉटलंडच्या डोंगरउतारांवर जायला हवे. तेथे नर घुबड आपली जागा निश्चित करतो. तो हवेत वर्तुळे घेत उंच चढतो, खोल आवाजात एका लयीत घुमतो आणि मग एकाएकी खाली झेपावतो. झेपावताना पंख पोटाखाली झपाझप एकमेकांवर आपटतो. दूरवर टाळ्या वाजल्यासारखा तो आवाज येतो. हे प्रदर्शन मादीसाठी जसे असते, तसेच शेजाऱ्यासाठीही असते. 'येथून पुढे माझे रान आहे,' हे त्याचे सांगणे आहे. शेजारचा नरही आपल्या बाजूने तेच सांगत असतो. या दोन सांगण्यांच्या मधून जी अदृश्य रेषा जाते, ती त्यांची हद्द होय.

ही हद्द दगडाने आखलेली नसते; पण ती मोडली तर दखल घेतली जाते. शेजारी आत शिरला, तर हद्दीचा मालक त्याच्या रोखाने उडत जातो, पाठलाग करतो, कधी हवेत पाय पुढे करून नख्या दाखवतो. बहुतेक वेळा एवढ्यावर भागते. रक्त सांडेपर्यंत प्रसंग क्वचितच येतो. ज्याच्या नख्या उंदराला क्षणात ठार करू शकतात, असे दोन शिकारी रोज एकमेकांशी झुंजू लागले, तर दोघांचाही संसार उभा राहणार नाही. म्हणून निसर्गाने भांडणाऐवजी इशाऱ्याची भाषा घडवली आहे. शेताच्या बांधावरून दोन भावांची डोकी फुटलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या भाषेची किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पक्ष्यांना अशी हद्द असते, हे पद्धतशीरपणे मांडणाऱ्यांपैकी एक प्रमुख नाव म्हणजे इंग्लंडमधील एलियट हॉवर्ड. 'टेरिटरी इन बर्ड लाइफ' हे त्यांचे पुस्तक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. हॉवर्ड हे कोणत्याही विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. पोलादाच्या उद्योगात ते काम करीत आणि आपल्या परिसरातील पक्ष्यांचे निरीक्षण करीत. एक पक्षी कोणत्या फांदीवर बसतो, कोठपर्यंत जातो, कोठून मागे फिरतो, याची त्यांनी बारकाईने नोंद ठेवली. नेहमीचा व्यवसाय सांभाळून केलेल्या या निरीक्षणाने पक्षिशास्त्राला एक नवी दिशा मिळाली. शिकण्यासाठी वय आणि व्यवसाय यांची अट नसते, याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

हद्द किती मोठी असावी, हे घुबड कशावरून ठरवते? याचे उत्तर त्याच्या पोटात आहे. त्याच्या पिलांच्या पोटात तर अधिकच आहे. उत्तरेकडील गवतात 'व्होल' नावाचे आखूड शेपटीचे, गुबगुबीत उंदीर असतात. हे घुबड प्रामुख्याने त्यांच्यावर जगते. एका घुबडाला दिवसाला असे दोन-तीन उंदीर लागतात. मादी जमिनीवरच्या उथळ खळग्यात साधारणपणे चार ते सात अंडी घालते आणि जवळजवळ चार आठवडे ती उबवत बसते. या काळात तिचे आणि नंतर पिलांचेही अन्न मुख्यतः नरालाच आणावे लागते. आई, बाप आणि पाच पिले अशा सात जणांचा दीड महिन्याचा ढोबळ हिशेब मांडला, तर उंदरांची संख्या सहाशे ते नऊशेच्या घरात जाते. हे सारे उंदीर घरट्यापासून फार दूर न जाता मिळाले पाहिजेत. तेव्हा हद्द म्हणजे मिरवण्याचे राज्य नव्हे. ते पिलांच्या पोटापाण्यासाठी राखलेले कोठार आहे.

कोठार भरलेले असेल तर ते लहान असून चालते. रिकामे असेल तर ते मोठे लागते. स्कॉटलंडमधील कॅरन खोऱ्यात लॉकी नावाच्या अभ्यासकाने उंदरांच्या प्रचंड वाढीनंतर या घुबडांचा अभ्यास केला आणि १९५५ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातून आणि इतर निरीक्षणांतून दिसून आले, की उंदीर भरपूर असताना एका जोडीला वीसेक हेक्टर जमीन पुरते. उंदीर घटले की त्याच जातीच्या जोडीला शंभराहून अधिक हेक्टर लागतात. याचा अर्थ आकड्यांत पाहू. एक चौरस किलोमीटर म्हणजे शंभर हेक्टर. सुबत्तेच्या वर्षी एवढ्या जागेत पाच जोड्या मावतील. टंचाईच्या वर्षी एकच. वीस हेक्टरांची हद्द चौकोनी मानली, तर तिची बाजू साडेचारशे मीटरच्या आसपास भरते. शंभर हेक्टरांची बाजू एक किलोमीटर होते. म्हणजेच शेजाऱ्यांमधील अंतर दुपटीहून थोडे अधिक वाढले, की पक्ष्यांची संख्या पाचपटीने खाली येते. हद्द आणि संख्या या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण म्हणतो. घुबडाचा व्यवहार मात्र थोडा निराळा आहे. त्याचे अंथरूणच दर वर्षी लहान-मोठे होत असते. व्होलांची संख्या अनेक प्रदेशांत तीन-चार वर्षांच्या चक्राने चढते आणि कोसळते. घुबड त्या चढउतारांबरोबर चालते. अन्न विपुल असेल तर मादी अधिक अंडी घालते, कधी कधी दहापेक्षाही जास्त. अन्न नसेल तर कमी घालते, किंवा ते जोडपे तेथे वीणच करीत नाही. सरळ दुसऱ्या प्रदेशाकडे निघून जाते. एकाच झाडाला वर्षानुवर्षे धरून राहणाऱ्या घुबडांच्या जाती आहेत. त्यांच्या तुलनेत हा पक्षी भटक्या आहे. जेथे दाणागोटा, तेथे त्याचा तळ. मेंढरे घेऊन चाऱ्यामागे फिरणाऱ्या मेंढपाळाला हे जीवन अनोळखी वाटणार नाही.

या भटकेपणाचे जुने वृत्तान्तही उपलब्ध आहेत. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील कुरणांत व्होलांचा उच्छाद झाला. मेंढ्यांना चारा उरेना. पाठोपाठ तेथे आखूड कानांची घुबडे मोठ्या संख्येने आली आणि वीण करू लागली. शासनाने चौकशीसाठी समिती नेमली. १८९३ मध्ये तिचा अहवाल आला आणि घुबडांसारख्या उंदीर खाणाऱ्या पक्ष्यांना मारू नये, त्यांचे रक्षण करावे, असे त्यात सुचवले गेले. दक्षिण अमेरिकेतही असेच घडल्याचे डब्ल्यू. एच. हडसन या लेखकाने नोंदवले आहे. १८७२-७३ च्या उन्हाळ्यात अर्जेंटिनाच्या पंपास गवताळ प्रदेशात उंदरांची बेसुमार वाढ झाली आणि त्यांच्यामागून ही घुबडे आली. पुढे उंदीर संपले. तेव्हा उपाशी, दुबळी झालेली, धड उडताही न येणारी घुबडे घरांच्या आसपास दिवसभर घुटमळताना दिसत. सुबत्तेत संख्या वाढते. पण सुबत्ता ओसरली, की वाढलेल्या संख्येची किंमत मोजावी लागते.

ही किंमत घरट्यातही मोजली जाते. मादी सर्व अंडी एकाच दिवशी घालत नाही. एकेक, दोन-दोन दिवसांच्या अंतराने घालते. पहिले अंडे घातल्यापासूनच ती उबवायला बसते. त्यामुळे पिलेही पुढेमागे बाहेर येतात. थोरले पिलू चांगले बाळसे धरते, तेव्हा धाकटे नुकतेच अंड्यातून डोके बाहेर काढत असते. अन्न पुरेसे असेल तर सगळीच वाढतात. अन्न अपुरे असेल तर थोरले आधी खाते आणि धाकटे मागे पडते. पुष्कळदा ते जगत नाही. हा हिशेब निष्ठूर वाटतो. परंतु सर्वांना सारखे वाटून सर्वांनाच उपाशी ठेवण्यापेक्षा निदान काहींना तरी आकाशात पोहोचवावे, असा त्याचा रोख असतो. पिले दोनेक आठवड्यांची होताच, उडता येण्यापूर्वीच, घरटे सोडून आसपासच्या गवतात पांगतात. जमिनीवरील घरट्याला कोल्ह्या-कुत्र्यांचे भय असते. सगळी एके ठिकाणी राहिली तर एकाच हल्ल्यात सारे कुटुंब संपेल. तेव्हा अंतर राखण्याचा पहिला धडा ती पिले उडण्याआधीच गिरवतात.

हद्दीच्या या जगात सगळ्यांनाच जागा मिळते असे नाही. अनेक पक्षिजातींत असे दिसून आले आहे, की हद्द मिळवलेल्या जोड्यांच्या आसपास हद्द न मिळालेले पक्षीही वावरत असतात. ते गात नाहीत, घुमत नाहीत, स्वतःचे अस्तित्व जाहीर करीत नाहीत. एखादी जागा रिकामी झाली, की यांपैकी कोणीतरी ती लवकरच व्यापतो. मोजणी करणाऱ्याच्या नजरेला ठळकपणे दिसतात ते हद्दवाले. बिनहद्दीचे मात्र नोंदवहीबाहेर राहतात. ज्यांच्याजवळ जागा नाही, त्यांची गणना राहून जाते, ही गोष्ट केवळ पक्ष्यांपुरतीच खरी आहे असे नाही.

हिवाळा आला, की या साऱ्या कथेला एक अनपेक्षित वळण मिळते. वसंतात शेजाऱ्याला आत पाऊल टाकू न देणारे हे पक्षी हिवाळ्यात अनेकदा गवताच्या एकाच पट्ट्यात जवळजवळ बसून दिवस काढतात. कधी चार-पाच, तर कधी त्याहूनही पुष्कळ अधिक. आता घरटे नसते, पिले नसतात. राखायचे कोठार उरलेले नसते, फक्त स्वतःचे पोट भरायचे असते. एका ठिकाणचे अन्न संपले तर पुढे जाण्याची मुभा असते. अशा वेळी अनेक डोळे एकत्र असले, तर शत्रूची चाहूल लवकर लागते. गुजरातमधील वेळावदरच्या काळवीट राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात संध्याकाळी शेकडो भोवत्या, म्हणजे माळावर शिकार करणारे ससाण्यासारखे पक्षी, रात्रीच्या मुक्कामासाठी गवतात उतरतात. त्या उतरत असतात, त्याच सुमारास ही घुबडे गवतातून वर उठतात. दिवसपाळीचा शिकारी घरी येतो आणि रात्रपाळीचा कामावर निघतो. एकाच माळाचा दोघे दोन वेळांना उपयोग करून घेतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. अंतर राखणे हा घुबडाचा स्वभाव नव्हे, ती त्याची गरज आहे. गरज असते तेव्हा ते हद्द आखते आणि गरज संपताच ती पुसून टाकते. माणसाने आखलेल्या हद्दी मात्र गरज सरली तरी पुसल्या जात नाहीत.

मग एखाद्या माळावर घुबडे किती आहेत, हे मोजायचे कसे? काम वाटते तितके सोपे नाही. अभ्यासक ठरावीक वाटांनी, ठरावीक वेळी, पुन्हा पुन्हा चालतात. गवतातून उठणारे पक्षी टिपतात, नरांची प्रदर्शने कोठे झाली ते नकाशावर मांडतात. घुबड शिकार शक्यतो सबंध गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांचा गोळा नंतर तोंडावाटे बाहेर टाकते. असे गोळे गोळा करून उकलले, की त्यांतील जबड्यांवरून आणि कवट्यांवरून पक्ष्याने काय खाल्ले, हे समजते. परंतु खरी अडचण वेगळीच असते. ज्या पक्ष्याची संख्या वर्षावर्षाला बदलते, त्याची एका वर्षाची मोजणी फसवी ठरू शकते. टंचाईच्या साली माळावर एकही घुबड दिसले नाही, म्हणून तो माळ घुबडाचा नाही असे म्हणता येत नाही. पुढच्या भरभराटीच्या साली ते तेथेच येणार असते. त्याला तो माळ दर वर्षी लागत नाही; पण लागेल त्या वर्षी तो शिल्लक असावा लागतो.

माळ नेमका याच ठिकाणी अडचणीत येतो. झाडे असली तर ते जंगल, पीक असले तर ते शेत आणि दोन्ही नसले तर ती निरुपयोगी जमीन, अशी आपली वाटणी आहे. इंग्रजांच्या काळात महसुलाच्या दृष्टीने ज्या जमिनीतून सारा मिळत नसे ती पडीक ठरली आणि ती दृष्टी पुढेही टिकली. २००० मध्ये भारताचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रथम प्रसिद्ध झाला. त्यात झुडपी माळ आणि अवनत चराऊ कुरणे यांचाही समावेश पडीक जमिनीत आहे. एकदा जमीन निरुपयोगी ठरली, की तिचा उपयोग करण्याची घाई होते. कोठे नांगर फिरतो, कोठे कारखाने येतात, कोठे सौरऊर्जेची तावदाने पसरतात. यांतील अनेक गोष्टी समाजाला आवश्यकही असतात. परंतु ती जमीन आधी रिकामी होती, हे गृहीत मात्र चुकीचे असते. महाराष्ट्राच्या माळांवरून माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला. तोही अशाच 'रिकाम्या' जमिनीचा रहिवासी होता.

चांगल्या हेतूनेही माळाची हानी होते. गवताळ जमिनीवर सरसकट झाडे लावणे हा त्यातलाच एक प्रकार होय. स्कॉटलंडमध्ये याचा अनुभव येऊन गेला आहे. डोंगरउतारांवर वनीकरणासाठी कुंपण घालून रोपे लावली गेली. चराई थांबल्याने पहिली काही वर्षे गवत माजले, व्होल वाढले आणि घुबडेही आली. पाहणाऱ्याला वाटावे, की झाडे पक्ष्यांना मानवली. पण रोपांची झाडे झाली, त्यांची सावली एकमेकींना भिडली, तसे गवत नाहीसे झाले, व्होल गेले आणि त्यांच्यामागून घुबडेही निघून गेली. हिरवे सगळेच सारखे नसते. जंगलाला जंगलाचा मान द्यावा आणि माळाला माळाचा.

माळाचा हा मान राखण्यात माणसाचाही लाभ आहे. माळावरचे गवत मेंढ्या-गुरांचे पोषण करते. आणि माळावरचे घुबड कोणतीही मजुरी न घेता उंदीर वेचते, मग ते उंदीर माळावरचे असोत की शेजारच्या शेतातले. उंदीर मारण्यासाठी जेव्हा बेसुमार विष पेरले जाते, तेव्हा विष खाल्लेला अर्धमेला उंदीर घुबडाच्याही पोटात जाऊ शकतो. मग पुढच्या साली उंदीर वाढतात आणि त्यांना आवरणारे कोणी उरत नाही.

माळावर आता अंधार दाटू लागला होता. भूमापकाने सामान गाडीत ठेवले. पण तो लगेच निघाला नाही. समोरच्या उतारावर ते घुबड अजून फिरत होते. एका सरळ रेषेत जाई, वळे, थोडे पुढे सरकून पुन्हा उलट येई. शेताची मोजणी करावी तसा तो सबंध उतार त्याने पट्ट्यापट्ट्यांनी तपासला. एकदा ते हवेत थबकले, पंख वर करून गवतात शिरले आणि काही वेळाने वर आले, तेव्हा त्याच्या पायांत काहीतरी होते. दिवसभर यंत्राने मोजलेल्या त्याच जमिनीची दुसरी मोजणी त्याच्या डोळ्यांदेखत चालली होती. त्याच्या वहीत हेक्टर आणि आर होते. या दुसऱ्या मोजणीत उंदीर होते, गवत होते, येणारा ऋतू होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून त्याला नोंदी पूर्ण करायच्या होत्या. तक्त्यात रकाने ठरलेले होते. त्यांत घुबडासाठी रकाना नव्हता आणि तो वाढवण्याचा अधिकार त्याला नव्हता. त्याने नियमाप्रमाणे गायरान, पडीक, पोटखराबा हेच शब्द लिहिले. मात्र मदतनीस सहज म्हणाला, "बरं झालं साहेब, माळ रिकामाच होता, मोजणी लवकर उरकली," तेव्हा तो क्षणभर थांबला.

"रिकामा नव्हता रे," तो म्हणाला, "आपल्याला दिसत नव्हता, एवढंच."